शेवटच्या पाटीवरचं नाव

आज भुतांविषयी बोलायचं आहे, पण भूत पाहणाऱ्यांच्या नव्हे, भूत घडवणाऱ्यांच्या बाजूने. सुरुवात मुंग्यांपासून करते.

२००९ सालचा मे महिना. कोकणातला एक जुना वाडा, रात्रीचे साडेतीन. माझ्या मांडीवर एक नकली हात होता आणि त्यावरच्या लाल मुंग्या मी कुंचल्याने एकेक करून झटकत होते. तो हात मी दोन दिवस खपून केला होता. आत कापूस, वर लॅटेक्स, त्यावर सुरकुत्यांसाठी टिश्यू पेपर आणि सगळ्यावर रक्त. आमचं रक्त म्हणजे बेकरीवाल्यांच्या दुकानात मिळणारं लिक्विड ग्लुकोज, खाण्याचा लाल रंग आणि दाटपणासाठी चिमूटभर कोको. कॅमेऱ्यात ते अगदी खरं दिसतं. मुंग्यांना मात्र तो शिरा वाटतो. शेवटी स्पॉटदादांनी लक्ष्मणरेषेचा खडू आणून त्या हाताभोवती रिंगण काढलं. भुतांपासून वाचायला लोक रिंगणात उभे राहतात, आमचं भूतच रिंगणात बसलं होतं. सगळं युनिट हसलं, मग पुन्हा लाइट लागले.

त्या चित्रपटाचं नाव सांगणार नाही. मी इंदूरची, मराठी घरातली. मुंबईत मेकअप शिकले आणि मिळेल ते काम करत होते. मोठ्या सेटवर मला मेकअपचं काम मिळत नव्हतं. का, ते पुढे सांगते. या छोट्या भयपटाच्या सेटवर मात्र कुणी काही विचारलं नाही. "जखम करता येते का?" एवढाच प्रश्न होता. येत होती. अकरा दिवसांचं काम ठरलं, निम्मे पैसे आधी, निम्मे नंतर. ते नंतरचे कधी आले नाहीत. पण आजची गोष्ट पैशांची नाही, किंवा नुसती पैशांची नाही. दीड वर्षाने चित्रपट पाहायला मिळाला. मी शेवटपर्यंत बसून राहिले. पाटी आली, ‘मेकअप’ असा शब्द आला आणि पुढे दुसऱ्याच एका माणसाचं नाव आलं. हे गृहस्थ दोन दिवस येऊन नायिकेचा साधा मेकअप करून गेले होते. त्यांचा दोष नाही. त्यांच्याकडे कार्ड होतं, माझ्याकडे नव्हतं.

तेव्हापासून मला एक खोड लागली. कुठलाही भयपट पाहिला की मी शेवटची नावं वाचते, आणि ही नावं तिथवर कशी पोहोचली, कुणाची राहून गेली, हे शोधत बसते. त्या शोधातलं थोडं आज तुमच्यापुढे ठेवते.

ज्यांच्याकडे तारे नाहीत

स्वतंत्र चित्रपट म्हणजे काय, हे एका वाक्यात सांगते. मोठ्या स्टुडिओचा पैसा नाही, मोठा तारा नाही, वितरक आधी ठरलेला नाही, तरी माणसं चित्रपट काढायला निघतात. आता असा चित्रपट कशाचा काढावा? प्रेमकथेला ओळखीचा चेहरा लागतो. युद्धपटाला फौज लागते. भीतीला मात्र एक घर पुरतं, एक रात्र आणि एक दार. प्रेक्षक नायकाला पाहायला येतच नाही, तो दाराकडे पाहायला येतो. म्हणून जगभर बिनपैशाच्या माणसांनी भयपट निवडला. आणि त्या दारामागे काय उभं राहणार, हे ठरवणारे मेकअपवाले, आवाजवाले, कलादिग्दर्शक हेच त्या चित्रपटाचे खरे तारे झाले. फक्त पोस्टरवर नाहीत.

पिट्सबर्गजवळचं घर

मी इंदूरला कॉलेजात होते तेव्हा फुटपाथवर वीस रुपयांना एक सीडी घेतली होती. कृष्णधवल इंग्रजी चित्रपट, ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’. तो इतका स्वस्त का मिळाला, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं. त्याच्यामागे एक दुःखद गंमत आहे.

१९६७ साली अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात जॉर्ज रोमेरो आणि त्याचे मित्र ‘लेटंट इमेज’ नावाची छोटी कंपनी चालवत होते. जाहिराती करायच्या, छोटे माहितीपट करायचे. जाहिरातींना कंटाळून त्यांनी चित्रपट काढायचं ठरवलं. दहा जण जमले, प्रत्येकाने ६०० डॉलर घातले आणि नव्या कंपनीचं नाव ठेवलं ‘इमेज टेन’. पुढे आणखी माणसं जोडत एकूण खर्च १ लाख १४ हजार डॉलरच्या आसपास गेला. हॉलिवूडच्या हिशेबात ही रक्कम चहापाण्याची.

एव्हान्स सिटी या गावाजवळ एक शेतघर मिळालं. ते पाडलं जाणार होतं, त्यामुळे आत हवी तेवढी मोडतोड करायला मोकळीक होती. पण घरात वाहतं पाणी नव्हतं. काही जण रात्री तिथेच झोपायचे. कथेत तळघर महत्त्वाचं आहे, पण त्या घराचं तळघर चित्रीकरणाला चालण्यासारखं नव्हतं, म्हणून तळघरातले प्रसंग शहरातल्या कंपनीच्या इमारतीखाली चित्रित झाले. पडद्यावर माणूस जिना उतरतो तो थेट पिट्सबर्गमध्ये पोहोचतो, आणि आपल्याला कळतही नाही.

रक्त कसलं होतं? चॉकलेट सिरप. कृष्णधवल फिल्मवर लाल रंगाची गरज नाही, दाट आणि काळसर दिसलं की झालं. प्रेतं जे खातात ते मांस आणि आतडी कुठून आली? पैसे घालणाऱ्यांपैकी एक जण खाटकाचा व्यवसाय करत होता, त्याच्याकडून. सुरुवातीला दिसणारी मोटार निर्मात्याच्या, म्हणजे रसेल स्ट्राइनरच्या आईची. चित्रीकरणाच्या मधल्या काळात तिला कुणीतरी ठोकर दिली आणि पोचा पडला. दुरुस्तीला पैसे कुठले? त्यांनी कथेतच मोटार झाडावर आपटवली. पोच्याला कारण मिळालं.

आता माणसं पाहा. स्ट्राइनर निर्माता होता आणि पहिल्याच प्रसंगात मरणारा भाऊही होता. कार्ल हार्डमन हा तळघरात लपणारा चिडखोर बाप. तोच सहनिर्माता, मेकअपमध्ये तोच आणि यंत्रांवर आवाज ताणून, घुमवून भीती तयार करणाराही तोच. मेरिलिन ईस्टमनने त्याच्या पत्नीची भूमिका केली, मेकअप केला आणि वर झाडावरचा किडा खाणारं प्रेतही तिनेच केलं. म्हणजे बाई सकाळी दुसऱ्यांना प्रेतं बनवायची, दुपारी प्रेतांना घाबरायची आणि संध्याकाळी स्वतः प्रेत व्हायची. मला तिच्याविषयी विशेष माया आहे. मेकअपचा ब्रश हातात घेऊन आपण कॅमेऱ्यापुढच्या माणसाच्या इतक्या जवळ उभं असतो की सीमारेषा पुसट होते. तिने ती ओलांडूनच टाकली.

गळून पडलेली ओळ

१ ऑक्टोबर १९६८ रोजी पिट्सबर्गच्या फुल्टन थिएटरमध्ये चित्रपट लागला. प्रेक्षक हादरले. नायक बेन कृष्णवर्णीय होता, ड्वेन जोन्सने ती भूमिका केली होती आणि त्या काळी अशा चित्रपटात ही साधी गोष्ट नव्हती. चित्रपट पुढे वर्षानुवर्षं चालत राहिला. आज आपण पडद्यावर जी ‘झोंबी’ पाहतो, तिची सगळी खानदानी तिथून सुरू होते.

आणि तरीही बनवणाऱ्यांच्या हातात त्या मानाने फारच थोडं पडलं.

झालं असं. चित्रपटाचं आधीचं नाव होतं ‘नाइट ऑफ द फ्लेश ईटर्स’. त्या पाटीवर नावाखाली कॉपीराइटची सूचना होती, म्हणजे वर्तुळातला ‘सी’, साल आणि मालकाचं नाव. ‘द फ्लेश ईटर्स’ नावाचा चित्रपट चारच वर्षांपूर्वी येऊन गेला होता, म्हणून वितरकाने नाव बदललं. नवी पाटी केली. नव्या पाटीवर नवं नाव आलं, जुनी सूचना टाकायची राहिली.

आज हे वाचून आपण म्हणू, त्यात काय एवढं? पण त्या वेळच्या अमेरिकन कायद्यात प्रसिद्ध झालेल्या कृतीवर ती सूचना असणं बंधनकारक होतं. नसेल तर हक्क गेला. ही अट तिथे १९८९ साली संपली, पण १९६८ चा चित्रपट तिच्या तावडीत सापडला. तो सार्वजनिक मालकीचा झाला. कुणीही त्याची प्रत काढावी, कुणीही दाखवावा, कुणीही विकावा. इंदूरच्या फुटपाथवर मला वीस रुपयांत मिळाला तो त्यामुळे. मी चोरीचा माल घेतला असं वाटून मला तेव्हा थोडी लाज वाटली होती. प्रत्यक्षात चोरी झालीच नव्हती. मालकच उरला नव्हता.

१९९० मध्ये याच कथेवर रंगीत चित्रपट पुन्हा काढला गेला. मेकअपच्या जगातला आमचा दादा माणूस टॉम सविनी याने तो दिग्दर्शित केला. मूळ चित्रपटाने न दिलेलं थोडंफार परत मिळावं, हाही त्यामागचा एक हेतू होता. १९९९ मध्ये मूळ चित्रपट अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत गेला. मान मिळाला. गेलेली ओळ परत आली नाही.

उकाडा, थंडी आणि हिस्से

दुसरा किस्सा टेक्ससचा. १९७३ चा उन्हाळा, टोबी हूपरचा ‘द टेक्सस चेन सॉ मॅसॅकर’. आठवड्याचे सातही दिवस काम, रोज कधी कधी सोळा तास. कलादिग्दर्शक रॉबर्ट बर्न्सने गावोगाव हिंडून खऱ्या जनावरांची हाडं गोळा केली आणि घर सजवलं. गनर हॅन्सन या नटाकडे पोशाखाचा एकच जोड होता. धुतला तर रंग उतरेल म्हणून धुवायचा नाही. महिनाभर तो तेच कपडे घालून घामाघूम होत राहिला आणि जेवताना त्याच्या शेजारी कुणी बसेना.

चित्रपटातला जेवणाचा प्रसंग सलग सव्वीस-सत्तावीस तास चित्रित झाला. रात्र दाखवायची म्हणून खिडक्या काळ्या कापडाने झाकलेल्या, आत दिव्यांची धग, टेबलावर कुजणारं मांस. माणसं बाहेर जाऊन ओकून यायची आणि पुन्हा जागेवर उभी राहायची. नायिकेच्या बोटातून रक्त काढायचा प्रसंग होता. नकली रक्ताची नळी चालेना. शेवटी थकलेल्या नटाने पात्यावरची पट्टी काढून तिचं बोट खरोखरच कापलं. हे वाचलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. नळी चालवणं हे आमच्या खात्याचं काम. ते फसलं की समोरच्याच्या कातडीवर येतं.

सॅम रेमीचा ‘इव्हिल डेड’ याच्या उलट थंडीत झाला, १९७९-८० च्या हिवाळ्यात, टेनेसी राज्यातल्या एका ओसाड झोपडीत. पछाडलेल्या डोळ्यांसाठी वापरलेली जाड पांढरी भिंगं एका वेळी पंधराएक मिनिटंच सहन होत आणि तेवढा वेळ नटांना काही दिसत नसे. कॅमेरा धावत झाडांमधून येतो, तो कुठल्या यंत्रावर नव्हता. लाकडी फळीवर कॅमेरा बांधून दोन माणसं फळीची टोकं धरून पळत होती. शेवटी शेवटी ऊब मिळावी म्हणून सेटवरचं फर्निचर जाळलं.

हे किस्से आपण कौतुकाने सांगतो. मीही सांगते. पण त्यांच्या शेपटाला एक हिशेब असतो. टेक्ससच्या चित्रपटात पैसे कमी होते, म्हणून अनेकांना मेहनतान्याचा काही भाग नफ्यातल्या हिश्श्याच्या रूपात देऊ केला होता. चित्रपटाने अमेरिकेत कोट्यवधी डॉलर मिळवले. पण हिस्से ज्या कंपनीचे होते तिच्याकडे मुळात अर्धीच मालकी, आणि वितरकाकडून पैसे पूर्ण पोहोचेनात. मुख्य भूतच झालेल्या हॅन्सनला पहिला धनादेश आला तो पन्नास डॉलरांहूनही कमी रकमेचा. पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या. तोवर ती हाडं गोळा करणारी माणसं दुसऱ्या कामांना लागली होती.

महाबळेश्वरची सहल

आता आपल्याकडे येऊ. रामसे बंधू हे नाव ऐकून काही जण हसतील. जरूर हसा, पण त्यांचं काम आतून पाहा.

फतेहचंद रामसिंघानी यांचं कराचीत रेडिओचं दुकान होतं. रामसिंघानीचं ‘रामसे’ झालं. फाळणीनंतर कुटुंब मुंबईला आलं. चित्रपट काढून पाहिले, फारसं जमलं नाही. १९७० मध्ये ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ पडला. पण मुलांनी थिएटरात बसून एक गोष्ट टिपली. पृथ्वीराज कपूर भीतिदायक मुखवटा घालून चोरी करतात, त्या एका प्रसंगासाठी काही प्रेक्षक पुन्हा पुन्हा येत होते. तेवढा प्रसंग संपला की उठून जात. मग सगळा चित्रपटच त्या प्रसंगासारखा का काढू नये?

१९७२ मध्ये ‘दो गज जमीन के नीचे’ आला. महाबळेश्वरला एका विश्रामगृहात सगळं कुटुंब आणि युनिट एकत्र राहिलं. सुमारे चाळीस दिवस आणि साडेतीन लाख रुपये, असा हिशेब रामसे कुटुंबाने पुढे मुलाखतींतून सांगितला. सात भाऊ, सात खाती. कुमार लेखन, गंगू कॅमेरा, किरण ध्वनी, अर्जुन संकलन, केशू निर्मितीची व्यवस्था, तुलसी आणि श्याम दिग्दर्शन. घरच्या बायका सगळ्यांचा स्वयंपाक करायच्या.

इथे मी थांबते. चाळीस दिवस पूर्ण युनिटचा नाश्ता, दोन वेळचं जेवण आणि रात्रपाळीचा चहा. हे काम दुसऱ्या कुणी केलं असतं तर खर्चात धरलं गेलं असतं. साडेतीन लाखांत चित्रपट होतो तो अशा हातांमुळे, आणि श्रेयनामावलीतल्या कुठल्याच खान्यात हे हात बसत नाहीत.

रामशांना हसणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावं. १९८४ चा ‘पुराना मंदिर’ त्या वर्षीच्या यशस्वी चित्रपटांत गणला गेला, तोही कुठल्याच मोठ्या ताऱ्याशिवाय. त्यातला सामरी आठवतो ना? ते अनिरुद्ध अग्रवाल. व्यवसायाने इंजिनिअर. गंगू रामसेंचे लाल-निळे दिवे आणि धुराचे लोट पाहून माझ्या पिढीतल्या कित्येक मुलींनी ‘हे करतात कसं?’ असं पहिल्यांदा विचारलं असेल. मी तरी विचारलं होतं.

कार्डाची गोष्ट

आता माझ्या कार्डाकडे येते.

मुंबईच्या चित्रपटसृष्टीत मेकअप आर्टिस्टचं कार्ड पन्नासहून अधिक वर्षं फक्त पुरुषांना मिळत होतं. बाईला केस करण्याचं कार्ड मिळे, चेहरा करण्याचं नाही. त्यात आणखी एक अट होती, महाराष्ट्रात पाच वर्षं वास्तव्य. मी बाई, आणि इंदूरची. मराठी बोलते म्हणून वास्तव्याच्या अटीत सूट नव्हती. दोन्ही दारं बंद. मोठ्या सेटवर तपासणीला माणसं येत आणि बिनकार्डाची बाई ब्रशसह सापडली तर दंड होई. मी एकदा अर्धा तास व्हॅनिटीच्या न्हाणीघरात पेटी मांडीवर घेऊन बसून राहिले आहे. म्हणून तर छोटे भयपट मला देवासारखे वाटले. तिथे तपासणीला कुणी येत नसे. पण जिथे आत जाताना कुणी नाव विचारत नाही, तिथे बाहेर पडताना कुणी ते लिहीतही नाही.

चारू खुराना यांनी आणि त्यांच्यासोबत इतर काही जणींनी ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयात नेली. १० नोव्हेंबर २०१४ रोजी न्यायमूर्ती दीपक मिश्रा आणि न्यायमूर्ती उदय लळीत यांच्या खंडपीठाने निकाल दिला. बाईला मेकअपचं कार्ड नाकारणारी अट रद्द झाली. पाच वर्षांच्या वास्तव्याची अटही रद्द झाली. मी ती बातमी हैदराबादला एका मालिकेच्या सेटवर फोनवर वाचली आणि शेजारी बसलेल्या नटाच्या कपाळावरची जखम अर्धवट सोडून बाहेर जाऊन उभी राहिले.

निकालाने कार्ड मिळालं. नाव आपोआप मिळत नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात चित्रपटाचा कर्ता म्हणजे निर्माता. २०१२ च्या दुरुस्तीने लेखक, गीतकार, संगीतकार यांना स्वामित्वधनाचा काही हक्क दिला, चांगलं झालं. जखमा करणारे, पावलांचे आवाज देणारे, धूर सोडणारे त्या यादीत नाहीत. आमच्यासाठी करारात लिहिलं असेल तेवढंच, आणि आमच्या छोट्या चित्रपटांत करार म्हणजे बहुतेक वेळा व्हॉट्सॲपवरचा एक निरोप.

आजीचा चेहरा

शेवटचं उदाहरण आपल्या मातीतलं. ‘तुंबाड’. भाषा हिंदी, पण दिग्दर्शक राही अनिल बर्वे. नावामागे श्री. ना. पेंडसे यांची कादंबरी, कल्पनेच्या मुळाशी नारायण धारपांची एक कथा. २०१२ मध्ये चित्रण झालं, मन भरलं नाही, २०१५ मध्ये पुन्हा झालं. पडद्यावरचा पाऊस खरा हवा म्हणून एकाहून अधिक पावसाळे गेले. १२ ऑक्टोबर २०१८ ला चित्रपट लागला आणि फार धंदा न करता उतरला.

त्यातली साखळदंडात बांधलेली आजी आठवा. ती मोहम्मद समद या मुलाने केली आहे, ज्याने त्याच चित्रपटात पांडुरंगाचीही भूमिका केली. तासन् तास बसून कोवळ्या चेहऱ्यावर शंभर वर्षांचं कातडं चढवायचं, आणि तेही असं की आतले डोळे जिवंत राहिले पाहिजेत. मी तो प्रसंग थांबवून थांबवून पाहिला आहे. कड कुठे संपते ते मला सापडलं नाही.

पुढच्या वर्षी फिल्मफेअरमध्ये ‘तुंबाड’ला तीन पुरस्कार मिळाले. छायाचित्रण, कलादिग्दर्शन आणि ध्वनिरचना. तिन्ही पडद्यामागचे. आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा थिएटरात लागला तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त चालला. मी पुण्याला बहिणीबरोबर गेले होते. नावं सुरू झाली तशी माणसं उठायला लागली, सफाईवाले झाडू घेऊन आत आले. आम्ही दोघी बसून राहिलो. मागच्या रांगेत कॉलेजची चार-पाच मुलं होती, तीही बसली होती. एक मुलगा मोबाइलचा प्रकाश हातात झाकून नावं टिपून घेत होता. मी विचारलं, "काय करतोस रे?" म्हणाला, "काकू, मला प्रॉस्थेटिक शिकायचंय. कुणाकडे जायचं ते बघतोय."

मेकअपवाल्याचं नाव पाटीवर असण्याचा हाही एक उपयोग आहे, हे मला त्या दिवशी कळलं. नाव नसेल तर पोरगा शोधणार कुणाला?

तर आता मी काय करते, ते सांगून थांबते. काम लहान असो की मोठं, पहिल्या दिवशी सामान उघडण्याआधी मी एक कागद काढते. माझ्या हाताखालच्या प्रत्येकाचं पूर्ण नाव, मराठीत आणि इंग्रजीत, स्पेलिंगसह लिहिते. रक्त ढवळणारी मुलगी, लॅटेक्स वाळवणारा मुलगा, सगळ्यांचं. त्याचा फोटो निर्मितीवाल्यांना पाठवते आणि ‘मिळालं’ असं उत्तर येईपर्यंत पेटी उघडत नाही. उशीर होतो. कधी कधी ओरडा बसतो.

कोकणातला तो हात मी जपून ठेवला आहे. लॅटेक्स आता पिवळं पडून चिरा गेल्यात. खडूचं रिंगण मात्र अजून काढावं लागतं, कारण साखर आत मुरली आहे.